एका काचेत दोन चुली

वाढणी : दहा माशांसाठी

साहित्य

सर्वप्रथम माशांची जात विचारून घ्यावी. दुकानदार म्हणेल, "आफ्रिकन." लग्नाच्या बायोडेटात जात, पोटजात आणि गोत्र या तिन्ही रकान्यांत कोणी "आशियाई" लिहावं, तसं हे उत्तर आहे. नेटाने पुन्हा विचारावं. मग तो म्हणेल, "काकू, मिक्स आफ्रिकन सिक्लिड आहेत. सगळे एकत्र राहतात, सगळं खातात." एवढ्यावर पिशवी उचलली की नवशिक्यांत आपली रीतसर भरती झाली.

माझी भरती माझ्या गैरहजेरीत झाली. चिरंजीवांनी एका शनिवारी चार फुटी टँक, दहा मासे आणि "आई, तुला काहीही करावं लागणार नाही" हे आश्वासन एकाच टेम्पोतून घरी आणलं. आठ महिन्यांनी त्यांना बंगळूरला नोकरी लागली. अडीचशे लिटर पाणी विमानात नेऊ देत नाहीत. तेव्हा प्रस्तुत मार्गदर्शन हे हौशी मत्स्यपालकांसाठी नाही. हौस दुसऱ्याची आणि मासे आपले, अशी वाटणी ज्यांच्या घरी झाली आहे त्यांनी ते वाचावं.

आता ओळखपरेड. तीन लख्ख पिवळे. दोन पिवळ्यावर काळे आडवे पट्टे ओढलेले. दोन बोटाएवढे, गर्द निळ्यावर काळे उभे पट्टे. एक नारिंगी. एक निळ्या चमकत्या तोंडाचा. आणि एक जिराफासारख्या ठिपक्यांचा, गरीब चेहऱ्याचा. या गरीब चेहऱ्यावर विशेष लक्ष ठेवावं. पंगतीत पहिल्या वाढपाला "थोडंच हं" म्हणून हात आडवा धरणारा पाहुणा शेवटी किती जिलब्या उठवतो, हे आपण पाहिलेलं असतं.

नावं मला हळूहळू कळली. पिवळे ते यलो लॅब, आडवे पट्टेवाले ऑरॅटस, उभे पट्टेवाले डेमासोनी. नारिंगी तो रेड झेब्रा. तो लालही नाही आणि त्याच्या अंगावर एकही पट्टा नाही, पण दुकानात नाव तेच. निळ्या तोंडाचा पीकॉक. जिराफ तो व्हीनस्टस.

सिक्लिड हे कूळ वाटतं तितकं परकं नाही. भिगवणला उजनीच्या काठी ताटात तळलेली चिलापी येते ना, ती तिलापिया, मूळची आफ्रिकेतली सिक्लिड. १९५२ साली तिलापिया भारतात आणली गेली. गोव्यातलं काळुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, ते तर या कुळाचं आपल्याकडचं देशी घराणं. मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ टँककडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मग यांना काटे कितपत असतात?"

आमचे दहाही मलावी तळ्याच्या घराण्यातले. म्हणजे जन्म इथल्याच कुठल्या तरी सिमेंटच्या हौदातला, पण मूळ तिकडचं. पूर्व आफ्रिकेत सिक्लिडांची तीन मोठी माहेरं आहेत: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. मलावी तळं साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. पुण्याहून गोवा गाठावा आणि वर आणखी शंभर किलोमीटर पाणीच पाणी. खोली सुमारे सातशे मीटर. त्यात सिक्लिडांच्या कित्येक शे जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. डेमासोनी तर इतका कोपऱ्यातला, की त्याचं शास्त्रीय नामकरणच १९९४ साली झालं. टांगानिकात दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून त्यावर जगणारी एक जात आहे. तिच्यातल्या काहींचं तोंड डावीकडे वळलेलं असतं, काहींचं उजवीकडे. मिचिओ होरी या जपानी संशोधकाने १९९३ साली दाखवून दिलं, की एका बाजूवाल्यांची संख्या वाढली की बाकीचे मासे त्या अंगाने सावध होतात आणि मग दुसऱ्या बाजूवाल्यांचे दिवस येतात. हा मासा आमच्या मिक्समध्ये नव्हता. दुकानदाराचे तेवढे उपकार.

घोळ पुढेच आहे. आमच्या दहांपैकी पहिले आठ खडकांवरचे. त्यांना तिकडचे लोक म्बुना म्हणतात. उरलेले दोन, पीकॉक आणि व्हीनस्टस, वाळूवरचे शिकारी. खडकवाले आणि शिकारी यांच्या खाण्यात तेवढंच अंतर आहे, जेवढं उपासाच्या थालीपिठात आणि तांबड्या रश्शात.

तळ्यातल्या खडकांवर हिरवी-तपकिरी साय धरते. तिला आउफवुक्स असं जर्मन नाव आहे. उच्चारताना ठसका लागला तर पाणी प्यावं. या सायीत शेवाळ मुख्य, पण त्यात अडकलेल्या अळ्या, बारीक कवचवाले जीव असं बरंच काही असतं. म्बुनांपैकी बरेच जण दिवसभर ही साय खरवडत हिंडतात. त्यामुळे त्यांना शुद्ध शाकाहारी म्हणू नये. पालेभाजी न निवडता खाणारे म्हणावं. अशा खाण्यात कस कमी, म्हणून पोट भरायला सतत चरावं लागतं आणि ते पचवायला आतडं लांबच लांब लागतं. डेमासोनीच्या बोटभर देहात ते गाठोड्यासारखं वेटोळं करून ठेवलेलं असतं. शिकाऱ्याचं आतडं आखूड. त्याने एक मासा गिळला की दिवस सुटला.

पीकॉकची शिकार बघण्यासारखी. वाळूपासून जरा वर तो निश्चल तरंगतो. डोक्यावरच्या बारीक छिद्रांनी वाळूखालच्या किड्याची हालचाल त्याला कळते, मग एकदम सूर मारून तोंडभर वाळू आणि त्यातला किडा. व्हीनस्टसचा एक चुलतभाऊ, लिव्हिंगस्टोनी, याच्याही पुढचा. तो तळाशी कुशीवर पडून मेल्याचं सोंग घेतो. अंगावरचे डागही सडल्यासारखे. चार लहान मासे समाचाराला, म्हणजे खरं तर टोचून खायला, जवळ आले की प्रेत उठतं.

पूर्वतयारी

पाण्याचं थोडक्यात सांगते. मलावीचं पाणी जड, पीएच ७.७ ते ८.६ यांच्यामध्ये. पुण्यात धरणाचं पाणी मऊ आणि आमच्या सोसायटीच्या बोअरचं जड. ज्या पाण्याने गीझरची कॉइल जाते, नळांवर पांढरी पुटं चढतात आणि तूरडाळ तीन शिट्ट्यांनंतरही डोळे वटारून बघते, ते पाणी या माशांना झकास मानवतं. तपासायचं किट मिळतं, ते आणून खात्री करून घ्यावी. तेव्हापासून सोसायटीच्या सभेत मी बोअरच्या पाण्याविरुद्ध बोलत नाही. तापमान २४ ते २८ अंश. पुण्याच्या डिसेंबरात हीटर लागतो.

दगड भरपूर हवेत, गुहा होतील असे रचलेले. काळा दगड चालतो. शहाबादीचे तुकडे उत्तम, कारण शहाबादी फरशी ही चुनखडी. ती पाण्याचा जडपणा टिकवायला थोडा हातभार लावते. पेठेत जुना वाडा पाडत असतील तिथे विचारलं तर पिशवीभर तुकडे कोणी नाही म्हणत नाही. दगड आधी काचेवर बसवावेत आणि वाळू नंतर ओतावी. आमच्याकडे उलटं झालं. हे मासे रात्रंदिवस वाळू उपसतात, जणू खाली पाइपलाइन टाकायची आहे. एका रात्री दोन वाजता हॉलमधून "ठक्" असा आवाज आला आणि आम्ही दोघं अंधारातच काच फुटली का ते हाताने चाचपत बसलो. फुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळं उपसून पुन्हा रचलं.

किती मासे ठेवावेत, याचं उत्तर सामान्य बुद्धीच्या विरुद्ध आहे. म्बुना कमी असले तर एक दादा दुसऱ्या दोघांना धरून धरून मारतो. भरपूर असले तर त्याला एकावर लक्षच ठेवता येत नाही. संध्याकाळी सहाच्या बसमध्ये मारामारी होत नाही, कारण हात वर करायला जागा नसते, तत्त्व तेच. मात्र गर्दी केली की फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला निदान तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. बादल्या कोण वाहणार, हे मासे घेण्यापूर्वी घरात लेखी ठरवून घ्यावं.

एवढं सगळं झाल्यावर टँकच्या मागच्या काचेवर हिरवं धरू लागेल. नवशिक्याला ती घाण वाटते. आमच्या कामवाल्या मावशींनाही वाटली. मी बँकेत गेले होते. परत आले तर टँक नव्या काचेच्या ग्लासासारखा लखलखत होता आणि मावशी हातात घासणी घेऊन अभिमानाने उभ्या. "ताई, किती दिवसांचं साचलं होतं बघा! साबण नाही लावला हं, माहिताय मला." मी फोटो काढून बंगळूरला पाठवला. उत्तरादाखल फोनच आला. "आई! ते त्यांचं जेवण होतं!"

म्हणजे मावशींनी आठ जणांचं ताट मांडलेलं असताना घासून, पुसून, पालथं घालून ठेवलं होतं. पुढची काच साफ ठेवावी. मागची आणि बाजूची सोडून द्यावी. मावशींना हे आजतागायत पटलेलं नाही. टँकजवळून जाताना त्या तोंड दुसरीकडे फिरवतात.

कृती

खाद्याचे डबे दोन प्रकारचे असतात: हिरवा आणि लाल. हिरव्यात स्पिरुलिना हे शेवाळ घातलेले दाणे, ते खडकवाल्यांसाठी. लाल डब्यात कोलंबीचा, माशाचा अंश, ते शिकाऱ्यांसाठी. शिवाय ब्लडवर्म नावाच्या लाल अळ्या, सुकवलेल्या किंवा गोठवलेल्या. नवशिक्याने दोन्ही डबे आणावेत, टँकसमोर खुर्ची ओढावी आणि न्याय करायला बसावं.

पहिला प्रयत्न. डाव्या टोकाला हिरवे दाणे, उजव्या टोकाला लाल. निष्कर्ष: दहाही मासे उजवीकडे. मग दहाही डावीकडे. व्हीनस्टसने दोन्ही टोकांना जेवून मधल्या दगडावर ढेकर दिल्यासारखं तोंड केलं.

दुसरा प्रयत्न. आधी खडकवाल्यांना हिरवं, पोटभर. ते तृप्त झाले की शिकाऱ्यांना लाल. खडकवाले तृप्त होत नाहीत. ज्याच्या पूर्वजांनी दिवसाचे बारा तास चरण्यात घालवले, त्याच्या मेंदूला "पुरे" हा शब्द कोणी शिकवलेलाच नाही.

तिसरा प्रयत्न, जाणकारांच्या सल्ल्याने. शिकाऱ्यांचे दाणे जाड घ्यायचे, म्बुनांच्या तोंडात मावणार नाहीत असे. ऑरॅटसने वाटाण्याएवढा दाणा तोंडात अर्धा धरला आणि लिमलेटच्या गोळीसारखा चोखत तो सगळ्या टँकभर फिरला. मागून दुसरा ऑरॅटस, त्याच्या मागून नारिंगी. वरात.

यात माशांचा दोष नाही. सिक्लिडांना दोन जबडे असतात, एक तोंडात आणि एक घशात. पुढच्याने पकडायचं, खरवडायचं, मागच्याने दळायचं. मिक्सर आणि पाटा-वरवंटा एकाच घरात. कारेल लीम या शास्त्रज्ञाने १९७३ साली असं मांडलं, की दळणाचं काम घशाकडे गेल्यामुळे पुढचा जबडा मोकळा झाला, आणि तो वाटेल त्या कामासाठी घडत गेला. म्हणून तर एवढ्या जाती. पण पुढे त्यानेच आणखी एक गोष्ट दाखवली. एखाद्याच खाण्यासाठी खास घडलेला जबडा असला, तरी मासा सोपं खाणं समोर आलं की तेच आधी खातो. खरवडणं हे अडीअडचणीच्या दिवसांसाठी. घरात दुधी शिजलेला असताना दारावर वडापाव आला तर काय होतं, हे लीमसाहेबांना मी प्रयोगशाळेशिवायही सांगितलं असतं.

तात्पर्य, आवड बघून वाढायचं ठरवलं तर सगळ्यांना एकच पदार्थ हवा असतो आणि तो निम्म्यांना बाधतो. इथे माझं डोकं चाललं. कारण पुस्तकात नसलं तरी हे मला स्वयंपाकघरात माहीत होतं. आमच्या घरी बारा वर्षं सासूबाईंच्या पोटाला झेपेल असाच स्वयंपाक होतो. नवऱ्याला झणझणीत लागतं. तो मुकाट्याने वरण-भात खातो आणि फ्रिजमागे लपवलेली ठेच्याची बाटली काढतो. बाटली कुठे आहे हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्याला. वरण-भाताने त्याचं काही बिघडलं नाही. ठेच्याने सासूबाईंचं बिघडलं असतं.

तोच नियम टँकला लावावा. रोजचं जेवण डेमासोनीच्या आतड्याला झेपेल ते: हिरव्या डब्यातले दाणे, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी मिनिटभरात संपेल इतकंच. शिकारी ते खातात, कुरकुरत का होईना, आणि जगतात. आठवड्यातून दोनदा मटार. हा पदार्थ नीट करावा. पाच-सहा दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात. नखाने टरफल सोडवावं, दाणा आपोआप दोन डाळिंब्या होऊन निसटतो. त्या चमच्याच्या पाठीने चेचून टँकमध्ये सोडाव्यात. मीठ नाही, फोडणी नाही. हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे जातो, तो आवरावा. डेमासोनी मटारावर असे तुटून पडतात, की हुरड्याला आलेली शहरातली माणसं आठवतात. व्हीनस्टस एक तुकडा तोंडात घेतो, विचार करतो आणि थुंकतो.

शिकाऱ्यांसाठी ठेच्याची बाटली म्हणून जवळा. कोळणीकडचा सुका, बिनमिठाचा, कोमट पाण्यात भिजवून पिळून घेतलेला. तो टँकमधला दिवा बंद करून, चिमट्याने धरून थेट व्हीनस्टसच्या तोंडासमोर न्यावा. बाकीचे झोपायच्या तयारीत असतात. निदान तसं आपण मानावं. कोंबडीचं उरलेलं खरकटं मात्र घालू नये. गरम रक्ताच्या प्राण्यांची चरबी माशांच्या पोटात नीट पचत नाही. आणि दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या कपात वळवळणारे ट्युबिफेक्स मिळतात, ते गटारातही सुखाने नांदणारे किडे आहेत. घेऊ नयेत.

आठवड्यातून एक दिवस उपास. सोमवार ठरवला तर लक्षात राहतो. एकादशी दुप्पट खाशी हा प्रकार मंगळवारी करू नये.

पथ्य मोडल्यास

पथ्य घरातला मोडत नाही. बाहेरून आलेला मोडतो.

दिवाळीला चिरंजीव आले. वर्षभर फोनवरून ज्यांनी मला "आई, प्रोटीन जास्त झालं तर ब्लोट होतो" असं बजावलं होतं, त्यांनीच बॅगेतून गोठवलेल्या ब्लडवर्मचं पाकीट काढलं. "सणासुदीचं त्यांनाही काहीतरी गं." चार दिवस, दोन वेळा. स्वतः सकाळी चकल्या, दुपारी कडबोळी, रात्री शेव आणि भाऊबीजेच्या दिवशी दोघांनाही, म्हणजे चिरंजीवांना आणि एका डेमासोनीला, जेवण जाईना.

चिरंजीव ओव्याने बरे झाले. डेमासोनीचं वेगळं झालं. पहिल्या दिवशी तो दाण्यांपाशी आला, एक तोंडात घेतला आणि बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी शहाबादीच्या तुकड्यामागे, वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी उभा. कल्ले भराभर हलत होते. मागे पांढरा दोरा लोंबत होता, शिवणकामाच्या रिळातला निघावा तसा. पोट खालून टम्म. दुसरा डेमासोनी, जो एरवी त्याला दिवसभर हाकलत असायचा, तो मधूनच येऊन त्याच्या शेजारी थांबायचा आणि जायचा. तो का थांबायचा, ते मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

याला मलावी ब्लोट म्हणतात. कारण एकच नाही. आतड्यात एरवी गुपचूप राहणारे सूक्ष्मजीव, भारी खाणं, घाण पाणी, दादागिरीचा ताण यांपैकी कशाने तरी तोल गेला की हे सुरू होतं. औषध मेट्रोनिडाझोल. आव पडली की डॉक्टर आपल्याला देतात तेच. पण मासा खात असेपर्यंतच ते त्याच्या पोटात जातं. म्हणून पांढरा दोरा दिसला त्याच दिवशी, पाहुण्यांचा फराळ बाजूला ठेवून, माहीतगार माणसाला विचारून सुरू करावं. आम्ही तिसऱ्या दिवशी विचारलं. त्या रात्री तो गेला. मुलाने त्याला गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि कोणी काही बोललं नाही. ब्लडवर्मचं पाकीट अजून फ्रीजरमध्ये आहे, मोदकाच्या उकडीच्या पिठामागे. मी ते टाकलेलं नाही. फोनवर जास्त शहाणपणा ऐकू आला की मी त्याची आठवण करून देते.

वाटण्या

वरण-भाताचा नियम चालतो, पण किती काळ? ठेचा खाणारा माणूस कितीही वाढला तरी शेजारच्याला गिळत नाही. व्हीनस्टस गिळू शकतो. दुकानात बोटभर असलेला हा गरीब चेहरा पुढे २५ सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि डेमासोनी आठ सेंटीमीटरच्या आसपास थांबतो. हे दोन आकडे दुकानदाराने पिशवीवर लिहून दिले असते तर पुढचा खर्च वाचला असता. एका रात्री जवळ्याचा तुकडा पुढे केला, तर व्हीनस्टसने तो बघितलाच नाही. तो उरलेल्या डेमासोनीकडे बघत होता, आमच्या सासूबाईंनी विचारलेला काट्यांचा प्रश्न मनात घोळवत असल्यासारखा.

दुसरीकडे पीकॉकची अवस्था उलटी. तो स्वभावाने मवाळ, ऑरॅटस म्हणजे गल्लीतला पुढारी. पीकॉकचा निळा रंग उतरत चालला होता, शेपटी कातरल्यासारखी. शिकारी म्हणवणारा मासा शेवाळखाऊंच्या भीतीने हीटरमागे राहत होता.

अशा वेळी दुसरा टँक घ्यावा. शिकारी तिकडे, खडकवाले इकडे. चुली वेगळ्या केल्या की कुळाची बदनामी होते असं आपल्याकडे मानतात. सिक्लिडांकडे उलट सगळ्यांचे रंग परत येतात. दुसरा टँक कुठे ठेवायचा, हा प्रश्न घरोघरी वेगवेगळा सुटतो. आमच्याकडे शोकेस गेलं. व्हीनस्टस आता लाल डब्यातलं खातो आणि आठवड्यातून दोनदा जवळा. हिरव्या डब्याकडे मी त्याच्यासमोर हातही नेत नाही.

पिवळ्यांचं काय, हा प्रश्न राहतो. यलो लॅब म्बुनाच, पण बारीक किडे, अळ्या यांच्यावर त्यांचा भर जास्त. शिवाय स्वभाव समजूतदार. वाटण्यांनंतरही दोन्ही घरी जेवायला जाणारी एक आत्या असते, तशी ही जात. मी एक तिकडे ठेवला, दोन इकडे.

टीप

मासा जेवत नाही म्हणून लगेच मेट्रोनिडाझोल शोधू नये. आधी फुगवटा कुठे आहे ते बघावं. पोटाला असेल तर वर वाचावं. गळ्याखाली, हनुवटीपाशी असेल तर बारशाची तयारी करावी. मलावीतल्या या माशांच्या माद्या अंडी तोंडात घेतात आणि साधारण तीन आठवडे काही न खाता पिल्लं तोंडातच वाढवतात.

हे मला इकडच्या पिवळीने शिकवलं. मटाराच्या दिवशी ती बाजूला उभी. मी चमचा तिच्यापाशी नेला. ती मागे सरकली, तोंड घट्ट मिटलेलं, हनुवटीखाली थैली. बंगळूरला फोन लावला. "ब्लोट झालाय तिला," मी म्हटलं. "व्हिडिओ पाठव," तो म्हणाला. मग बराच वेळ शांतता, आणि मग ऑफिसमधल्या माणसाने हसू नये इतक्या मोठ्याने हसला. त्या तीन आठवड्यांत ती वाळून चपटी झाली. खाणं समोरून वाहत जायचं आणि ती फक्त तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळल्यासारखं करायची, अंडी फिरवत. सासूबाई खुर्ची टँकजवळ ओढून बसू लागल्या. "डिंकाचा लाडू चालतो का हिला?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि मी स्वयंपाकघरात गेल्याचं बघून तिसऱ्यांदा विचारलं नाही. पाण्यावर तरंगणारा चुरा मी चहाच्या गाळणीने काढला.

त्या दिवसापासून टँकवर पाटी लावली आहे. शेवटी पुणं आहे. नवशिक्यांनी मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायला हरकत नाही:

"मासे जेवलेले आहेत. चपाती, पोळीचा लाडू, डिंकाचा लाडू, फराळ, प्रसाद यांपैकी काहीही घालू नये. आग्रह करू नये. येथे सर्वांना पथ्याचंच मिळतं आणि पुरेसं मिळतं."

गेल्या आठवड्यात काच पुसताना शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं दिसलं. चष्मा लावून वाचलं. अक्षर नवऱ्याचं.

"मला नाही."